किन्हवलीचा शिपाई, इटलीचा चिखल

आधी पायातलं काढा. ज्या काळात आपण निघालोय, तिथे तुमच्या पायांना चपलांची सवय नाही. मोबाइल, घड्याळ, चष्मा, गाडीची किल्ली, सगळं ठेवून द्या. अंगात मळकी बंडी, कमरेला आखूड धोतर, खांद्यावर घोंगडी. झालं? आता डोळे मिटा आणि खोल श्वास घ्या.

घशात बसला ना धूर? शेणाचा, पाल्याचा, भाजलेल्या मातीचा. वैशाख सरत आलाय, साल १९४२, आणि किन्हवलीच्या शिवारात राब भाजणं चाललंय. खाचरात शेणाचा थर, त्यावर टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि सगळ्यांत वर मातीचा चुरा. आग हळूहळू सरकली पाहिजे म्हणून तुम्ही वाऱ्याच्या उलट्या अंगाने पेटवता आणि कडेला काठी घेऊन उभे राहता. वरून ऊन, समोरून झळ, पायाखाली तापलेली ढेकळं. घामाच्या धारा भुवयांवरून डोळ्यांत उतरतात. लांबवर माहुलीचे सुळके धुरकट दिसतात.

तुमचं वय? एकोणीस, वीस, फार तर एकवीस. आईलाही नक्की सांगता येत नाही. ज्या साली ओढ्याने बांध फोडला त्या साली तुमचा जन्म, एवढंच तिच्या लक्षात आहे. तुम्ही कोणी नामांकित माणूस नाही. कुळाने खंडाने केलेली चार खाचरं, एक बैलजोडी, घरात सात तोंडं. भात पिकवणाऱ्याच्याच घरात पावसाळा लागता लागता कणगी खडखडते, मग नाचणीची आंबील आणि सावकाराची पायरी. आता लढाईमुळे रॉकेल मिळेनासं झालंय, कापड महागलंय. तेवढ्यात बातमी येते की भरतीवाले शहापुरात आलेत. महिन्याला रोख पगार, दोन वेळचं पोटभर जेवण, आणि घरी मनीऑर्डर!

लढाई कोणाची, कुठे, कशासाठी, हे तुम्हाला फारसं माहीत नाही. मनीऑर्डर म्हणजे काय, ते मात्र पक्कं माहीत आहे.

छाती फुगवा

रांगेत उभे राहा. पुढच्याच्या पाठीवर घामोळं आहे, मागचा खोकतोय. टेबलाशी बसलेला माणूस छातीभोवती फीत लावतो, “श्वास घे, धर, सोड.” दात बघतात, डोळे बघतात, गुडघ्यावर टिचकी मारतात. शेवटी तळपाय बघतात. तुमचे पाय रुंद, बोटं पसरलेली, टाचा भेगाळलेल्या. लहानपणापासून चिखलात रोवून चालणाऱ्याचे पाय असेच होतात. तपासणारा मान हलवतो. पास.

निघायच्या रात्री आई तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून देते. ऊन लागू नये म्हणून तुम्ही रातोरात शहापूरची वाट धरता आणि तिथून आसनगावचं स्टेशन गाठता. इंजिनाची वाफ, कोळशाची कुसळं डोळ्यांत, डब्यात माणसावर माणूस. कल्याणला गाडी बदला, बोरघाट चढा, पुण्यात उतरा, पुन्हा गाडी बदला. फडक्यातली भाकरी आता वातड झालीय, चटणीच्या वासाने शेजारचा नाक मुरडतो आणि मग हळूच म्हणतो, “दादा, थोडी दे की.”

बेळगाव. मराठा पलटणीचं केंद्र.

ए किन्हवली, पाय उचल!

अंधारातच बिगूल वाजतो. बेळगावचा पाऊस आणि बेळगावची थंडी, दोन्ही हाडांत शिरणारी. बराकीत तीस-चाळीस जण, ओल्या घोंगड्यांचा, मोहरीच्या तेलाचा, बुटांच्या पॉलिशचा वास. तुमच्या उजवीकडे रत्नागिरीचा, डावीकडे साताऱ्याचा, पलीकडे कोल्हापूरचा. इथे कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही, गावाने मारतात. तुमचं नाव आता किन्हवली.

आणि बूट! आयुष्यात पहिल्यांदा पायात बूट चढतात. कातडं दगडासारखं कडक, टोकाला तुमची पसरलेली बोटं एकावर एक चढतात. संध्याकाळपर्यंत दोन्ही टाचांवर फोड. रात्री तुम्ही बूट काढून पाय मोकळे करता, तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या खाटांवर हेच चाललेलं असतं. कोणी फोडाला तेल लावतंय, कोणी कातडं मऊ करायला बुटात पाणी ओततंय. हवालदार येतो आणि एकेकाचे पाय कंदील धरून बघतो. “रायफल बिघडली तर दुसरी मिळंल. पाय बिघडला तर तू पलटणीला जड. कळलं का रं?”

कळतं. पुढे तीन वर्षं हे वाक्य तुम्हाला रोज आठवणार आहे.

कवायत झपाझप, कारण पलटण लाइट इन्फन्ट्रीची. हुकूम हिंदुस्थानीत, शिव्या मराठीत. संध्याकाळी फळ्यावर रोमन अक्षरं गिरवायची. तुमच्या हातात .३०३ ची ली-एनफिल्ड येते, चार किलोच्या आसपास वजनाची, आणि तिचं बोल्ट डोळे बांधून काढायला-घालायला शिकवतात. जेवणावर मात्र रोज तंटा. देशावरच्यांना भाकरी-चपाती हवी, तुम्हा कोकण्यांना भात. लांगरी दोघांनाही दाद देत नाही. तो पळीने डाळ ओततो आणि ओरडतो, “पुढं सरका!”

गोदीतला भोंगा

मुंबईच्या गोदीत उभे राहा. डांबर, मासळी, तेल, माणसांचा घाम. जहाजाची भिंत एवढी उंच की वर बघताना टोपी पडते. तुम्हाला तळाच्या कप्प्यात ढकलतात. वर-खाली टांगलेल्या झोळ्या, मध्ये हातभर जागा, आणि पोलादाच्या पत्र्यांतून येणारी यंत्रांची अखंड घरघर. दुसऱ्या दिवशी समुद्र हलवायला लागतो. आधी एक जण ओकतो, मग त्या वासाने दहा जण. तांबड्या समुद्रात पत्रा इतका तापतो की हात टेकवत नाही. रात्री डेकवर दिवा लावायचा नाही, विडी ओढायची नाही. पाणबुड्यांची भीती.

कोणीतरी भजन धरतं. टाळ नाहीत, म्हणून जेवणाची पत्र्याची ताटली चमच्याने वाजते. तुम्ही शब्द विसरलात तरी सूर धरा. त्या कप्प्यात तेवढ्यापुरती घरघर ऐकू येत नाही.

सुएझचा कालवा, वाळवंटातल्या छावण्या, धूळ, पुन्हा जहाज. आठवी हिंदी डिव्हिजन १९४३ च्या सप्टेंबरात इटलीच्या तारांतो बंदरात उतरली होती. तिच्यातल्या मराठा बटालियनला माणसं कमी पडतात, तेव्हा तुम्हाला तिकडे धाडतात. या बटालियनला सगळे ‘जंगी पलटण’ म्हणतात. १७६८ पासूनची पलटण, आणि तिच्यात तुम्ही काल आलेले.

ओळखीचा चिखल, अनोळखी थंडी

आता नोव्हेंबर. सांग्रो नदी. तुमच्या अंगावर जाड लोकरीचा बॅटलड्रेस, वर ग्रेटकोट, पाठीला पिशवी, कमरेला काडतुसं, दोन हातबाँब आणि खोदायचं अवजार. पाऊस तीन दिवस थांबलेला नाही. नदीने पूल वाहून नेलेत. गाड्या रुतल्यात, तोफा रुतल्यात, खेचरं पोटापर्यंत रुतलीत.

आणि तुम्ही चिखलात पाय टाकता.

थांबा, हे नीट अनुभवा. चिखल तुमच्या ओळखीचा आहे. आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभं राहून दिवसभर रोपं लावणारे तुम्ही. किन्हवलीचा चिखल कोमट असतो, त्यात बेडूक ओरडतात, बांधाच्या बिळात मुठे सापडतात, बायका गाणी म्हणत असतात. हा चिखल बर्फाच्या पाण्याचा. यात तार आहे, फुटलेला पत्रा आहे, मेलेलं खेचर आहे, आणि लाकडी खोक्यात बसवलेले सुरुंग आहेत, जे सुरुंग शोधायच्या यंत्रालाही नीट सापडत नाहीत.

तरी एक विद्या तुमच्याकडे आहे. रुतलेला पाय सरळ वर ओढायचा नसतो. आधी टाच किंचित फिरवायची, कडेने हवा आत जाऊ द्यायची, मग बोटं खाली झुकवून पाय तिरका काढायचा. साताऱ्याच्या माळरानावरचा गडी जोर लावून बूटच गमावून बसतो. तुम्ही चिखलात हात घालून त्याचा बूट काढता, त्याचं पाऊल फिरवून दाखवता. मागच्या रांगेतला बघतो, त्याच्या मागचा बघतो. शेताने शिकवलेली ही गोष्ट सेक्शनभर पसरते.

लढाई म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे धावाधाव येत असेल. साध्या पायदळ शिपायाच्या वाट्याला येते ती मुख्यतः ओझं आणि वाट पाहणं. दोघांत मिळून एक खंदक. एक जागा, एक उकिडवा झोपलेला. खंदकाच्या तळाला वीतभर पाणी, तुम्ही ते मेसटिनने उपसता, ते पुन्हा झिरपतं. अंगाला ओल्या लोकरीचा कुबट वास. हवेत जळक्या दारूचा तिखट वास, जिभेवर त्याची चव. जर्मन मशीनगन सुटली की मांजरपाटाचा तागा कोणी टरकन फाडतंय असं वाटतं. गोळ्या सुट्या ऐकूच येत नाहीत. तोफेचा गोळा शिट्टी घालत येतो, आणि त्या शिट्टीवरून तो कुठे पडणार हे तुम्ही आठवड्याभरात ओळखू लागता. ज्यांना ओळखता आलं नाही त्यांची जागा दुसऱ्या दिवशी नवा माणूस घेतो.

मोजे हा तुमचा खजिना आहे. एक जोडी पायात, एक जोडी बंडीच्या आत छातीला चिकटवलेली, अंगाच्या उबेने वाळायला. सकाळी अदलाबदल. ओल्या मोज्यांत राहिलेल्याचे पाय आधी पांढरे पडतात, मग सुजतात, मग काळे. हवालदार इथेही कंदील, नव्हे, हाताच्या ओंजळीत झाकलेली बॅटरी घेऊन पाय बघत फिरतो.

रात्री खेचरांवरून जेवण येतं. डब्यातली डाळ गार, चपात्या चिवट, चहा मात्र कसाबसा कोमट राहिलेला, डब्यातल्या घट्ट दुधाचा, खूप गोड. मगाला दोन्ही हात लपेटा. घोटाच्या आधी ऊब घ्या. अधूनमधून रमचा वाटा मिळतो. मग भात कधी मिळेल यावर चर्चा सुरू होते. रत्नागिरीवाला माशाची आमटी रांधून वाढतो, तोंडानेच, खोबरं वाटण्यापासून फोडणीपर्यंत. कोणीही त्याला मध्येच थांबवत नाही.

उजव्या हाताचे शेजारी

डिसेंबर. मोरो नावाच्या ओढेवजा नदीवर पूल टाकायचाय आणि अलीकडच्या काठावर वळायला जागाच नाही. तेव्हा आपल्या डिव्हिजनचे सॅपर सगळं सामान पाण्यातून पलीकडे नेतात आणि शत्रूच्या काठावरून अलीकडे, उलटा पूल बांधतात. त्याचं नावच पडतं ‘अशक्य पूल’.

तुमच्या उजव्या हाताला समुद्रापर्यंत कॅनेडियन डिव्हिजन आहे. त्यांच्या वाट्याला ओर्तोना शहर आलंय. गल्ल्या ढिगाऱ्यांनी बुजल्यात, म्हणून ते घराच्या भिंतीला भोक पाडून शेजारच्या घरात शिरतात, मग त्याच्या पुढच्या. रात्रंदिवस तिकडून धडधड येते, समुद्राच्या वाऱ्यावर चुन्याची भुकटी येते. नाताळच्या दिवशी त्यांच्यातल्या एका पलटणीला गावातल्या चर्चमध्ये पाळीपाळीने जेवायला नेतात. आत टेबलं मांडलीत, वाद्य वाजतंय, बाहेर लढाई चालू, आणि जेवून उठलेला माणूस रायफल उचलून परत रस्त्यात.

दोन डिव्हिजनांच्या हद्दीवर तुम्हाला त्यांच्यातला एक जण भेटतो. तांबूस चेहरा, आठवड्याची दाढी, एक पाय चिखलात मांडीपर्यंत गेलेला. तो ओढतो, चिडतो, पुन्हा ओढतो. तुम्ही जवळ जाता, त्याची पोटरी दोन्ही हातांनी धरता, टाच फिरवायला लावता. पाय सुटतो. तो हसतो आणि सिगारेट पुढे करतो. एकमेकांची भाषा कळत नाही, म्हणून हातांनी बोलणं चालतं. तो हाताने नांगर धरल्याची खूण करतो, मग दोन्ही हात पसरून केवढं शेत ते दाखवतो. तुम्हीही खूण करता, वाकून रोप लावल्याची. तो समजला की नाही कोण जाणे. त्याच्या घरी गव्हाचं रान आहे, तुमच्या घरी भाताची खाचरं, आणि दोघांच्याही मोज्यांतून पाणी निथळतंय.

मागे आल्यावर शेतघरात निवारा मिळतो. इटलीतल्या या घरांत खाली गोठा, वर माणसं. दार उघडताच शेणाचा आणि वैरणीचा वास येतो. कोल्हापूरवाला दाराशी थबकतो. मग सगळेच आत जाऊन त्या थोराड पांढऱ्या बैलांभोवती गोळा होतात. कोणी वशिंडावर हात फिरवायला जातो, तर वशिंडच नाही! कोणी दात बघतो, कोणी खूर. घराची म्हातारी आधी घाबरलेली असते. तुम्ही न सांगता गव्हाण साफ करायला घेता, तेव्हा ती वर जाऊन चेस्टनट भाजून आणते.

डाक आली!

ही हाक बिगुलापेक्षा मोठी. पत्र निघाल्यावर दोन-तीन महिन्यांनी हातात पडतं. आईला लिहिता येत नाही, मास्तरांनी लिहिलंय. ‘आवणी आटोपली. म्हैस व्याली. मनीऑर्डर मिळाली, सावकाराचं निम्मं फिटलं. म्हशाच्या जत्रेत बैल बघायचा विचार आहे. तब्येतीला जपावे.’ पत्र वाचता तेव्हा ते भात कापून, झोडून, बहुधा निम्मं खाऊनही झालेलं असतं. तरी तुम्ही ते तीनदा वाचता आणि मग ज्यांना पत्र आलं नाही त्यांना वाचून दाखवता.

उत्तरात काय लिहाल? गावाचं नाव लिहायचं नाही, नदीचं नाव लिहायचं नाही, किती जण गेले ते तर नाहीच. अधिकारी सगळं तपासतो. म्हणून तुम्ही लिहिता, ‘मी खुशाल आहे. इथे थंडी आहे. पाऊसही आहे.’ आणि हे अक्षरशः खरं असतं.

काजवे

१९४४ चा मे. गारी नदीच्या अलीकडे झाडीत तुम्ही लपून बसलात. हवा उबदार, गवताला गोड वास, आणि अंधार पडताच काजवे. हजारो. तुम्ही बघतच राहता. घरी पावसाच्या तोंडावर डोंगराकडच्या झाडांवर असेच काजवे भरतात. रात्री अकरापर्यंत एवढी शांतता की शेजाऱ्याच्या पोटाची गुरगुर ऐकू येते.

अकराला हजारावर तोफा एकदम सुटतात. जमीन पोटाखाली थरथरते, कान बंद होतात, आकाश पांढरं होतं. आपल्या डिव्हिजनच्या पुढच्या ब्रिगेड होड्यांतून नदी ओलांडतात. धुकं, धूर, हात समोर धरला तर दिसत नाही. कॅनडाचे रणगाडे तुमच्या डिव्हिजनच्या मदतीला आहेत, आणि त्यांनी एक नवल केलंय. आख्खा पूल एका रणगाड्याच्या पाठीवर लादला, दुसऱ्याने मागून ढकलला आणि नदीवर नेऊन टेकवला. तुमची ब्रिगेड मागच्या फळीत आहे. पाळी येते, तुम्ही धावता, आणि धावताना तुम्हाला एकच गोष्ट दिसते. पुढच्याच्या पाठीवरची पिशवी.

चित्रांची राखण

उन्हाळा. धूळ, घाम, द्राक्षांचे मळे, फ्लॉरेन्सकडे जाणारी वाट. मोन्तेगुफोनी नावाचा एक जुना वाडा पलटणीच्या ताब्यात येतो. आत तळघरांत आसपासच्या गावांतली माणसं आसऱ्याला बसलेली, लेकरं रडतायत. आणि वरच्या दालनांत भिंतींना टेकवून ठेवलेल्या मोठमोठ्या फळ्या. बाँबपासून वाचवण्यासाठी फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांतली चित्रं इथे आणून ठेवलीत. त्यांना कोणी हात लावू नये म्हणून पहारा लागतो. एका पाळीला तुम्ही.

दालनात थंडावा आहे, जुन्या लाकडाचा वास आहे. रायफल टेकवा आणि समोर बघा. बोत्तिचेल्लीचं ‘वसंत’. माणसापेक्षा उंच, दहा फूट रुंद. संत्र्यांनी लगडलेली झाडं, मध्ये उभी बाई, एका बाजूला हात गुंफून नाचणाऱ्या तिघी. तुम्हाला चित्रकाराचं नाव माहीत नाही, किंमत माहीत नाही. तुमची नजर आधी कुठे जाते सांगू? त्यांच्या पायांकडे. नाचणाऱ्या तिघी अनवाणी आहेत. पायाखाली गवत, गवतात फुलंच फुलं, आणि पाय कोरडे. दोन वर्षांत तुम्ही एवढे निरोगी पाय बघितलेले नाहीत.

बदली यायला दोन तास आहेत. तुम्ही एकेक फूल बघत जाता.

पुढे रजेवर फ्लॉरेन्सला गेलात तर आर्नोच्या काठाने पश्चिमेला चाला. कॅशिने नावाच्या मोठ्या बागेच्या टोकाला एक घुमटी आहे, आणि तिच्यात फेट्यातला एक तरुण चेहरा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. विलायतेहून परतताना १८७० साली याच शहरात वारले, इथेच नदीच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. कोल्हापूरवाला बूट काढतो आणि जमिनीला डोकं टेकवतो. तुम्हीही टेकवा.

त्याच उन्हाळ्यात लंगरवर बातमी येते. दुसऱ्या एका मराठा बटालियनमधला नाईक यशवंत घाडगे, माणगावकडच्या पळसगावचा, बावीस वर्षांचा. १० जुलैला टायबरच्या खोऱ्यात त्याच्या सेक्शनमधले सगळे पडले, तेव्हा एकटा मशीनगनवर धावून गेला, ती बंद पाडली आणि तिथेच गेला. पुढे त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या दिवशी तो गेल्याचं ऐकलं, त्या दिवशी रत्नागिरीवाल्याने आमटीची गोष्ट सांगितली नाही.

नदीचा बांध

अजून एक हिवाळा. डोंगर, बर्फ, खेचरांच्या नाकातोंडातून निघणारी वाफ. मग १९४५ चा एप्रिल आणि सेनिओ नदी. पात्र अरुंद, पण दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले घराएवढे उंच मातीचे बांध. त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी बिळं केलीत. दिवसभर विमानं, तोफा, आगीचे फवारे. थांबतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा थांबतं. रॉकेलचा आणि भाजलेल्या मातीचा वास.

९ तारखेला संध्याकाळी तुमच्या पलटणीतला कंपनीचा निरोप्या, निमजचा शिपाई नामदेव जाधव, पहिल्या तुकडीबरोबर पलीकडे जातो. तुकडी जवळपास संपते. तो दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणतो. मग परत जाऊन तीन मशीनगन बंद पाडतो आणि बांधाच्या माथ्यावर उभा राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करतो.

तुम्ही अलीकडच्या बांधाला चिकटून बसलात. तोंडात माती, छातीत धडधड. ती आरोळी ऐकू येते आणि कोणी सांगायच्या आत तुम्ही पाण्यात आहात. पाणी छातीपर्यंत, रायफल डोक्यावर, पायाखाली चिखल. टाच फिरवा. पाय तिरका काढा. पुढचं पाऊल.

साताऱ्याचा गडी तुमच्या मागे होता. पलीकडे पोचल्यावर मागे बघता, तो नाही.

इटलीतली लढाई २ मेला थांबते. बातमी आल्यावर कोणी फारसं ओरडत नाही. तुम्ही आधी बूट काढता.

घरी

आसनगाव. तोच फलाट, वर आषाढाचं आभाळ. किन्हवलीपर्यंत चिखल तुडवत जाता. आवणी चालू आहे. माणसं वाकलेली, इरली हलतायत. आई कमरेवर हात ठेवून ताठ होते, बघते आणि पहिलं वाक्य बोलते, “केवढा वाळलास!” रात्री गरम भात येतो. वाफेचा वास. तुम्हाला घास गिळता येत नाही आणि सगळ्यांना वाटतं, दमलाय.

गाव विचारतं, “किती मारलेस?” या प्रश्नाला तुमच्याकडे सांगण्यासारखं उत्तर नाही. मोज्यांचं कोणी विचारत नाही. खेचरांचं, काजव्यांचं, साताऱ्याच्या गड्याचं कोणी विचारत नाही. म्हणून तुम्ही ‘होतो इटलीत’ एवढंच सांगता आणि खाचरात उतरता. हळूहळू ते दोन शब्दही गळून पडतात.

आता परत या

पाय धुवा, चपला घाला.

इटलीत हिंदी सैन्याचे पाच हजारांवर लोक मरण पावले. सांग्रो नदीकाठच्या युद्धस्मशानात, ज्यांना अग्नी दिला त्या पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांची आठवण एका वेगळ्या स्मारकावर जपली आहे. यशवंत घाडगे यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, आणि टायबरच्या खोऱ्यातल्या मोन्तोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. पदक मिळालेल्यांची आठवण राहिली, आणि ती राहायलाच हवी. पण पलटण चालली ती पदक न मिळालेल्यांच्या पायांवर. चिखलात पाय टाकून परत काढण्याची ताकद त्यांनी शहापूर-मुरबाडच्या, रत्नागिरीच्या, साताऱ्याच्या शेतांतून नेली. सैन्याने त्यांना बंदूक दिली, बाकीचं त्यांचं स्वतःचं होतं.

त्या लढाईतून आलेली माणसं आता जवळजवळ उरली नाहीत. त्यांच्या लेकी-सुना आहेत, नातवंडं आहेत. गावोगाव १९६५ चे, १९७१ चे, कारगिलचे फौजी आहेत. त्यांच्याकडे जा, वही घेऊन जा. किती मारले हे विचारू नका. विचारा, काय खाल्लंत? कुठे झोपलात? पाय कसे कोरडे ठेवलेत? शेजारच्या खाटेवर कोण होतं, त्याचं गाव कोणतं? लढाया कोणी जिंकल्या हे पुस्तकांत आहे. हे मात्र त्यांनी सांगितलं आणि तुम्ही लिहून ठेवलं तरच राहील.